स्लावाला बोलावत नाहीत

वाल्येवो, १४ सप्टेंबर

प्रिय रोसांडावन्सं,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी वाचा आणि मग फाडा. वाल्येवोचा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही, हे मला आता पाठ झालंय. तुमचा राग माझ्यावर नाही, तुमच्या भावावर आहे, हेही ठाऊक आहे. पण त्याच्या घरचा फोन तोच आणि त्याची बायको मीच, तेव्हा रागातला माझा वाटा मला बसल्या जागी मिळतो.

आभार मानायला लिहितेय. आपण शेवटचं बोललो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ल्युबिंका, दोष तुझ्यात नाही. डॉक्टरकडे जा. त्याच्यासाठी नको, स्वतःसाठी जा." तेव्हा मला सणसणून राग आला होता. म्हटलं, तिकडे इटलीत, ट्रिएस्टेत बसून उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं!

तर आता गेले. झालं असं, की ऑगस्टात माझे हात थरथरायला लागले. केस कापणाऱ्या बाईचे हात थरथरले तर पुढे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पोस्टातल्या डेसांकाच्या कानाला कात्री लागली. लागली जराशीच, पण ती ओरडली अशी की जणू कान माझ्या मुठीत आला. रात्री झोप नाही, दिवसा धडधड. मग तुमचं बोलणं आठवलं आणि इथे स्तोयकोविच नावाच्या मनाच्या डॉक्टर आल्यात, त्यांची वेळ घेतली.

राडिसाव सोबत आला. मी नको म्हटलं तर म्हणाला, "तू नीट सांगणार नाहीस. अर्धं विसरशील आणि उरलेलं उलटसुलट सांगशील."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्रास केव्हापासून आहे?"

"उन्हाळ्यापासून," मी म्हटलं.

"जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून," राडिसाव म्हणाला.

"जेवण कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं नाहीये. ती उभ्याने जेवते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "उभ्याने का हो जेवता?"

आता याचं काय उत्तर देणार? मी म्हटलं, "सवय आहे."

"सवय नाही," राडिसाव म्हणाला. "बसलं की टेबलावरच्या कापडाची घडी मोडते. ती मोडू नये म्हणून उभी राहते. ते तिचं बरोबरच आहे."

तेव्हा बाई पहिल्यांदा त्याच्याकडे वळल्या. आणि तो काय म्हणाला असेल? म्हणाला, "तुमच्या मागची ती तसबीर डावीकडे उतरलीय."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत असून तशीच ठेवलीत?"

"हो. माहीत असून."

पुढे बाई काय बोलल्या यातलं एक अक्षर त्याच्या कानांत शिरलं नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, पुढच्या वेळी एकट्या या, आणि यांना कधी वाटलं तर यांनीही यावं. बाहेर आल्यावर तुमचा भाऊ म्हणतो कसा, "मी? मला काय झालंय? आयुष्यभर जमिनी मोजल्या, एका बांधाचं भांडण माझ्यामुळे झालं नाही." खरं आहे ते. बांधांची भांडणं मिटली, घरातली तेवढी राहिली.

मला गोळ्या नाहीत, सध्या फक्त बोलायचं आहे. तुमचं ऐकायला मला इतकी वर्षं लागली याचं वाईट वाटतं. पण ऐकलं, आणि त्याबद्दल मनापासून आभार.

तुमची,
ल्युबिंका

&nbsp;

नोवी साद, ३ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

वर नोवी साद वाचून दचकू नका. सूनबाईचे, यासनाचे, केस कापायला आलेय. आठवडा झाला, अजून कापतेच आहे. किती लांब केस असतात एकेका बाईचे!

तुमचं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पोचलं असं धरते आणि पुढचं सांगते.

सप्टेंबरच्या शेवटी ओग्नेन वाल्येवोला आला होता. तुमचा भाचा एवढा शांत, की लहानपणी रडायचाही आवाज न करता. त्याने बापासमोर बसून सरळ विचारलं, "बाबा, लग्नाला माझ्या सात वर्षं झाली. वेगळं घर आहे. यंदा स्लावाचा पाव तोडून द्या."

काही वावगं मागितलं का त्याने? मुलाने वेगळी चूल मांडली की बापाने घराण्याच्या संताच्या दिवशी, स्लावाला, पावाचा तुकडा त्याच्या हातात द्यायचा, आणि मग त्या घरात मेणबत्ती लावायची ती मुलाने. तुमच्या वडिलांनीही राडिसावला असाच दिला होता, कुरकुरत का होईना. ओग्नेनच्या बरोबरीची सगळी मुलं आपापल्या घरी यजमान झाली. हा अजून बापाच्या दारात पाहुणा.

राडिसाव म्हणाला, "बघू तुझी तयारी."

आणि तो आतून ओळंबा घेऊन आला, वन्सं. मोजणीतला, पितळी. ओग्नेनला म्हणाला, "मेणबत्ती उभी कर." ओग्नेनने गव्हाच्या वाडग्यात मेणबत्ती रोवली. राडिसावने शेजारी ओळंबा धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "वाकडी आहे."

ओग्नेनने सरळ केली.

"अजून."

पुन्हा केली.

"अजून आहे."

"बाबा, संताला चालेल एवढी."

"संताला चालेल. मला चालणार नाही."

मी दारात उभी होते. मला वाटलं आता आवाज चढेल. पण ओग्नेनने मेणबत्ती हळूच काढली, टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "मग ही स्लावा तुमच्यापाशीच राहू दे. मी माझ्या घरी लावणार नाही आणि इथे यायचाही नाही. तुमच्यानंतर संपली तर संपली."

आपल्या लोकांत याहून वाईट बोलणं नाही. दिवा विझला म्हणतात घराण्याचा. आणि तुमचा भाऊ काय करत होता? आडव्या मेणबत्तीचं मेण कापडाला लागेल म्हणून खाली कागद सरकवत होता.

आपल्या घराण्याचा संत आलिंपिये जन्मभर खांबावर उभा राहिला म्हणतात. पण तो स्वतः उभा राहिला हो. खाली उभ्या असलेल्यांना ‘सरळ उभे राहा’ म्हणून ओरडत नव्हता.

बरं, आता खरं सांगते. केस कापायला आले नाही. ओग्नेन गाडीत बसला आणि मी एका पिशवीत कात्र्या नि दोन झगे भरून त्याच्या शेजारी बसले. राडिसावने विचारलं, "परत कधी येणार?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." तो म्हणाला, "अंदाजे?"

या वयात नवऱ्याचं घर सोडलं हे मी अजून शेजारणींनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय.

ल्युबिंका

&nbsp;

नोवी साद, २७ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

कार्ड मिळालं. ‘आमचे बाबा असेच होते. आईला आम्ही कधी बसून जेवताना पाहिलं नाही.’ दोनच ओळी, पण मी ते कार्ड यासनाच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून वाचलं आणि मग तिथेच बसून राहिले. यासना म्हणाली, "आई, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही गं. कोणीतरी आलं." तुम्ही लिहिलंत हे तुमचे उपकार आहेत. मी एकटी नव्हते, माझ्या आधी कोणी उभी होती, एवढं कळलं तरी बाईला किती बळ येतं.

आता ऐका, हसाल. राडिसाव डॉक्टरकडे गेला.

कशासाठी गेला माहीत आहे? तक्रार करायला. माझा उपचार अर्धवट सुटला म्हणून! वेळा घेऊन ठेवल्या होत्या आणि मी नोवी सादला निघून आले. अर्धवट काही राहिलं की त्याला अन्न गोड लागत नाही. तेव्हा माझ्या वेळेला तो स्वतः जाऊन बसला आणि म्हणाला, "माझ्या बायकोचं काम अपुरं आहे. ते पूर्ण कसं करायचं?" बाई म्हणाल्या, "तुम्ही पूर्ण करा."

आणि तो बसला, वन्सं! चौथ्यांदा जाऊन आला काल, त्यानेच फोनवर सांगितलं.

मी बाईंना फोन केला. त्याने काय सांगितलं ते त्या सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण दुखणं काय आहे ते त्याला विचारून सांगितलं. नाव लांबलचक आहे, काटेकोरपणाचा व्यक्तिमत्त्व-विकार असं काहीसं. मी म्हटलं, "म्हणजे सारखे हात धुतात तो का?" म्हणाल्या, तो वेगळा. त्यात माणसाचा स्वतःचाच छळ होतो, कधी एकदा सुटतो असं होतं. यात माणसाला वाटतं की आपलं बरोबर आहे आणि जगच ढिलं आहे. म्हणून असल्या घरातून डॉक्टरकडे आधी बायको येते, मग मुलं येतात, आणि ज्याचं दुखणं तो शेवटी येतो, आला तर. तुमचे आले हे विशेष आहे, म्हणाल्या.

मी विचारलं, "म्हणजे तो दुष्ट नाही?"

"दुष्ट असते तर सोपं होतं. त्यांना भीती वाटते. एक गोष्ट निसटली की सगळंच निसटेल, असं. म्हणून दुसऱ्याच्या हाती काही सोपवता येत नाही."

"आणि हे आलं कुठून?"

"थोडं रक्तातून, थोडं घरातून. नेमकं कोणी सांगू शकत नाही."

"बरं होतं का?"

"सैल होतं. हळूहळू. त्या सुंभाचा पीळ एकदम सुटायचा नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे आपण दुसऱ्याला टोमणा मारायला म्हणतो. बाई बोलल्या त्यात टोमणा नव्हता. मी फोन ठेवला आणि मला तुमच्या आईची आठवण आली. त्यांना असं कोणी समजावून सांगितलं असतं, तर त्या निदान बसून रडल्या असत्या.

ओग्नेनला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजारी आहे म्हणून मी माफ करायचं का?" मी म्हटलं, "माफ कर असं कोण म्हणतंय? कळून घे एवढंच." तो उठून गेला. त्याचंही बरोबर आहे. भोगलंय त्याने.

ल्युबिंका

&nbsp;

वाल्येवो, २४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

पुन्हा वाल्येवो. दोन दिवसांसाठी आलेय, हिवाळ्याचे कपडे न्यायला. हे या वेळी खरं आहे.

घर कसं होतं म्हणाल तर होतं तसंच, चकचकीत. पण भिंतीवर एक कागद होता आणि त्यावर पट्टीने आखून, सुंदर अक्षरात, वारांप्रमाणे चुका लिहिलेल्या होत्या. सोमवार, काट्याच्या खणात चमचा. मंगळवार, पडदा अर्धा उघडा. मी म्हटलं, "राडे, हे काय?"

"गृहपाठ. बाईंनी सांगितलंय, रोज एक गोष्ट मुद्दाम चुकीची सोडायची."

"आणि तू त्याचं वेळापत्रक केलंस?"

"त्याही हसल्या," तो जरा घुश्शात म्हणाला. "म्हणाल्या, चुकीचं वेळापत्रक नसतं. मी विचारलं, मग चूक केव्हा करायची हे माणसाला कळणार कसं?"

मला इतकं हसू आलं की पोटात दुखलं. आणि मग तोही हसला, वन्सं. किती दिवसांनी पाहिले त्याचे दात!

रात्रीच्या जेवणाला मी ताट घेतलं, खुर्ची ओढली आणि बसले. टेबलावरच्या कापडाची घडी मोडली. मी पाहत होते त्याच्याकडे. कपाळाला घाम आला, ओठ आवळले, उठून बाहेर गेला. न्हाणीघरात पाणी वाहिल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, आता परत यायचा नाही. पण तोंड धुऊन आला, समोर बसला आणि म्हणाला, "वाढ." आम्ही दोघांनी बसून जेवण केलं. बटाट्याची भाजी होती नुसती. एवढं गोड जेवण मला माझ्या लग्नातही लागलं नव्हतं.

जेवताना त्याने विचारलं, "गेली काही वर्षं स्लावाला कोणी येत नाही. का?"

मला वाटलं थट्टा करतोय. "तुला खरंच ठाऊक नाही?"

"मासा चांगला असतो. घेवडाही चांगला भाजलेला असतो."

"राडे, तू लोकांना बोलावणी धाडलीस. छापील. वेळा घालून."

"वेळ कळवली. बोलावणं कुठे धाडलं?"

"स्लावाला बोलावत नाहीत! ज्याला यायचं तो आपणहून येतो. बोलावलंस म्हणजे तो परका झाला. आणि सख्ख्या बहिणीला? ‘दुपारी दोन ते तीन वाजून दहा मिनिटं’? माहेरच्या स्लावाचं बोलावणं पाठवतात का रे कोणी?"

तो चमचा खाली ठेवून म्हणाला, "त्याच्या आदल्या वर्षी मिलेवामावशी आली होती. घरात खुर्ची उरली नव्हती. म्हातारी दाराला टेकून उभी राहिली, आणि मला ते सगळे निघाल्यावर कळलं. मला कितीतरी रात्री झोप आली नाही. म्हणून ठरवलं, यापुढे प्रत्येकाला खुर्ची मिळाली पाहिजे. आणि मासा गरम मिळाला पाहिजे. सगळे एकदम आले तर तसं होत नाही."

वन्सं, मी त्याची बाजू घेत नाही. बोलावण्याचं ते कार्ड चुकीचंच होतं आणि तुम्ही ते परत पाठवलंत तेही बरोबरच केलंत. पण तुम्हाला झोंबलेल्या त्या वेळेमागे एक खुर्ची होती, तुमच्यासाठी राखून ठेवलेली. हे मला इतकी वर्षं एका घरात राहून दिसलं नाही, म्हणून तुम्हाला कळवावंसं वाटलं.

ओग्नेनचं मात्र अवघड आहे. मी म्हटलं, "फोन कर त्याला. स्लावाचा दिवस, नऊ डिसेंबर, जवळ आला." तो म्हणाला, "काय सांगू? त्याची तयारी नाही."

"त्याची नाही की तुझी नाही?"

कात्र्या भरताना पाहिलं तर त्याने माझ्या सगळ्या कात्र्या लांबीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. मी त्या पिशवीत ओतल्या, खणखण आवाज करत. म्हटलं, "मी स्लावाला मुलाकडे असेन. तू काय करायचं ते तुझं तू बघ."

"तिथे स्लावा नाही," तो म्हणाला. "मी दिलेली नाही."

"ते खरं आहे," मी म्हटलं.

उद्या परत जातेय. मन थाऱ्यावर नाही. मेणबत्ती कुठल्या घरी लागेल, लागेल की नाही, काहीच कळत नाही.

ल्युबिंका

&nbsp;

नोवी साद, १० डिसेंबर

प्रिय वन्सं,

सगळं सांगते, क्रमाने सांगते, नाहीतर तुमचा भाऊ दुरुस्त करेल.

स्लावाच्या आदल्या संध्याकाळी यासनाने पाव भाजला. ओग्नेन म्हणाला, "कशाला? आपल्याला हक्क नाही."

"मला भूक लागली म्हणून भाजला," ती म्हणाली. "हक्काचं तुम्हा बापलेकांचं तुम्ही बघा."

गुणी पोर आहे, पण हात कच्चा. पाव वरून तडकला होता आणि एका अंगाला बसला होता. वरची पिठाची नक्षी फुगून त्यातलं कबुतर कोंबडीसारखं दिसत होतं. मी तो तसाच फडक्यात गुंडाळून ठेवला. चार-पाच पाव भाजून त्यातला एक निवडणाऱ्या घरात मी आयुष्य काढलंय, आता पुरे.

काल सकाळपासून टेबलावर सगळं होतं. कार्प मासा, घेवडा, अक्रोड घातलेला गहू, वाइन. मेणबत्ती होती, पण लावलेली नव्हती. ओग्नेन खिडकीशी उभा होता आणि मध्येच म्हणायचा, "जेवून घेऊ या." कोणीच बसेना. दुपार टळली. यासना माझ्या कानात म्हणाली, "आई, मासा पुन्हा तापवू का?" मी म्हटलं, "राहू दे गं. कोणासाठी तापवायचा?" आणि मला रडू आलं. कांदा चिरून झाला होता, त्यामुळे निमित्तही नव्हतं.

मग दार वाजलं.

ओग्नेनने उघडलं. बाहेर राडिसाव. काळा कोट, हातात टोपी, काखेत वाइनची बाटली. पाहुणा आणतो तशी. उशीर केव्हाचा झाला होता, आणि हा माणूस जन्मात कधी कुठे उशिरा गेलेला नाही. स्टँडवर उभं राहून त्याने दोन बस सोडल्या होत्या, हे त्याने मला नंतर सांगितलं. तिसरीत चढला.

उंबऱ्याच्या बाहेरच थांबून तो मुलाला म्हणाला, "स्लावा मंगल असो, यजमान."

वन्सं, तुम्हाला सांगायला नको, हे वाक्य पाहुण्याने यजमानाला म्हणायचं असतं. बापाने मुलाला म्हटलं की स्लावा गेली मुलाकडे. तुकडा नंतर हातात देवो न देवो, ती त्या शब्दातच गेली.

ओग्नेन म्हणाला, "बाबा, मेणबत्ती अजून लावलेली नाही."

"मग लाव की. मी पाहुणा आहे."

आणि तो आत येऊन बसला. यजमान स्लावाच्या दिवशी बसत नाही. इतकी वर्षं मी या माणसाला त्या दिवशी उभंच पाहिलंय, ताटल्या सरकवताना, मांडण्या करताना. तो खुर्चीवर बसला आणि हात मांड्यांखाली घातले. दोन्ही. लहान मुलासारखे.

ओग्नेनने मेणबत्ती लावली. कललेली होती. आम्हा सगळ्यांना दिसत होती कललेली. राडिसावने तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. हात मांड्यांखालीच राहिले.

पाव कापायची वेळ आली. ओग्नेनने उलटा करून खालून फुलीचा छेद दिला, यासनाने वाइन ओतली. मग बापलेकांनी तो दोन्ही बाजूंनी धरून फिरवला आणि तोडला. आता तडकलेला पाव, तो काय सरळ तुटणार? ओग्नेनच्या हातात मोठा थोरला भाग आला आणि राडिसावच्या हातात एक लहानसा, कडा फाटलेला, भुगा गळणारा. भुगा कापडावर पडला. वाइनही सांडली.

राडिसावच्या कपाळावर घाम आला, मी ओळखते तो घाम. दोन बोटांनी तो कापडावरचा भुगा गोळा करायला गेला आणि मध्येच थांबला. हात तिथेच राहिला. मग त्याने तुकडा तोंडाशी नेला, चुंबन घेतलं आणि खाल्ला. सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"हो बाबा, आहे," यासना म्हणाली.

आणि ओग्नेन हसला. आधी ओग्नेन, मग यासना, मग मी. सगळ्यांत शेवटी तो. मग ओग्नेनने हातातला मोठा भाग खाली ठेवला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. बोलायचं ते बोलून झालं होतं.

तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. जेवताना त्याने टेबलाखालून कापड चार वेळा सरळ केलं असेल. डॉक्टरीणबाईंकडे जाणं चालूच राहणार आहे, माझंही आणि त्याचंही. ओग्नेनच्या मनात अजून बरंच आहे, तेही एका तुकड्याने जायचं नाही. उद्या मी राडिसावबरोबर वाल्येवोला जातेय. कायमची का, हे विचारू नका. उद्यापुरती तरी जातेय.

पण वन्सं, हे घडलं ते तुमच्यामुळे. तुम्ही मला स्वतःसाठी जा म्हणालात म्हणून मी गेले, मी गेले म्हणून तो माझ्या मागे आला. तुमच्या दोन ओळींनी मला खुर्चीवर बसवलं. तुम्ही दुखावलेल्या होतात, तरी माझं भलं बोललात. हे ऋण फेडता येण्यासारखं नाही आणि मला ते फेडायचंही नाही. असू दे माझ्यावर.

एक राहिलं. सगळं आटोपल्यावर तो स्वयंपाकघरात आला आणि ताटल्या पुसायला लागला. पुसता पुसता आकाराप्रमाणे लावत होता, मी लावू दिल्या. थोड्या वेळाने पाठमोराच म्हणाला, "रोसांडाला कळवलंस का, आता स्लावा इथे असते म्हणून?"

"अजून नाही. उद्या लिहीन."

"लिही. पण बोलावू नकोस हं."

"नाही रे. बोलावतं का कोणी?"

ताटली पुसून झाली होती, तरी तो पुसत राहिला.

"मग येईल ती," तो म्हणाला.

तुमची,
ल्युबिंका